रेषा दिसली, स्क्रू दिसला नाही : मिश्र वास्तवातील दृश्यशोधाचे एक प्रकरण

नाकावाटे दुर्बीण घालून सायनसची किंवा कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची नजर रुग्णावर नसते, समोरच्या मॉनिटरवर असते. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या एंडोस्कोपच्या टोकाला जे दिसते ते पडद्यावर कितीतरी पटींनी मोठे होऊन येते. पण ते सपाट असते, त्यात खोलीचा नीट अंदाज येत नाही, आणि ओलसर गुलाबी-लाल ऊतींच्या त्या दृश्यात एक भाग दुसऱ्यापासून वेगळा ओळखायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. चुकीला तेथे फारसा वाव नसतो. डोळ्याची खोबण आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते, नाकाच्या मागच्या टोकाला असलेल्या स्फिनॉइड सायनसच्या बाजूच्या भिंतीलगत दृष्टीची चेता आणि मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी जाते, आणि वरच्या हाडापलीकडे मेंदू असतो.

म्हणून अवघड शस्त्रक्रियेत नॅव्हिगेशनचा आधार घेतला जातो. आधी काढलेला सीटी स्कॅन संगणकात असतो, अवजाराच्या जागेचा माग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने किंवा विद्युतचुंबकीय क्षेत्राने ठेवला जातो, आणि अवजाराचे टोक त्या क्षणी स्कॅनमध्ये नेमके कोठे आहे ते वेगळ्या पडद्यावर तीन छेदांमध्ये फुलीच्या खुणेने दाखवले जाते. पुण्या-मुंबईतील मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांनाही ही व्यवस्था आता नवी नाही. तिचा जाच एवढाच, की सर्जनला एंडोस्कोपच्या पडद्यावरून नजर काढून दुसऱ्या पडद्याकडे पाहावे लागते, तीन करड्या छेदांवरून मनातल्या मनात त्रिमित चित्र जुळवावे लागते आणि परत येऊन ते समोरच्या दृश्यावर बसवावे लागते.

हा वळसा टाळण्याचा उपाय सरळ दिसतो. सीटी स्कॅनवरून चेता, धमनी आणि हाडांच्या कडा आधीच आखून घ्याव्यात आणि एंडोस्कोपच्या जिवंत चित्रावरच, जेथल्या तेथे, रंगीत रेषांनी उमटवाव्यात. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये मिश्र वास्तवाची, म्हणजे खऱ्या दृश्यात आभासी आकृती मिसळण्याच्या तंत्राची, जी मांडणी केली, तिच्यात डोक्यावर घालायच्या उपकरणांबरोबरच कॅमेऱ्याच्या चित्रावर आभासी आकृती चढवणारे साधे मॉनिटरही येतात. त्या अर्थाने ही शस्त्रक्रिया मिश्र वास्तवातलीच आहे. (मिलग्रॅम टोरंटो विद्यापीठातले, आणि पुढचे प्रकरणही टोरंटोचेच, हा निव्वळ योगायोग.) रेषा थेट जागेवर दिसल्या तर शोधावे काय लागणार, असे कोणालाही वाटेल. बेंजामिन डिक्सन, जोनाथन आयरिश आणि त्यांच्या टोरंटोतील सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीला जो तडा दिला, त्याचा हा तपशीलवार विचार आहे.

प्रयोगाची मांडणी

एंडोस्कोपीचा अनुभव असलेल्या ३२ सर्जननी मृतदेहाच्या नमुन्यावर एक काम केले : नॅव्हिगेशनच्या मदतीने ठरवून दिलेल्या बिंदूपर्यंत पोचायचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले होते. १७ जणांना नेहमीचे एंडोस्कोपचे चित्र मिळाले, तर १५ जणांना तेच चित्र, पण त्यावर शरीररचनेच्या बाह्यरेषा चढवलेले. लक्ष्यबिंदूच्या अगदी जवळ दोन अनपेक्षित गोष्टी ठेवलेल्या होत्या, आणि त्यांविषयी कोणालाही काही सांगितलेले नव्हते. एक होता स्क्रू, म्हणजे शरीरात असायलाच नको अशी परकी वस्तू. दुसरी होती गंभीर गुंतागुंत, म्हणजे खऱ्या शस्त्रक्रियेत जी दिसताच हातातले काम थांबवावे लागेल अशी स्थिती. कामाला लागलेला वेळ, लक्ष्यापासूनचे अंतर आणि या दोन गोष्टी ओळखल्या की नाही, या तीन बाबी मोजल्या गेल्या.

अचूकतेच्या मोजपट्टीवर रेषांनी आपले काम चोख केले. रेषा असलेल्या गटाचे लक्ष्यापासूनचे मध्यक अंतर २.१० मिलिमीटर होते, नसलेल्या गटाचे ४.१३ मिलिमीटर. ज्या जागेत एकेक मिलिमीटर मोलाचा असतो तेथे ही तफावत निम्म्याची आहे. एवढाच आकडा हाती असता तर उपकरण उत्तम ठरवून सगळे मोकळे झाले असते.

आता दुसरी मोजपट्टी. गंभीर गुंतागुंत साध्या चित्रावर काम करणाऱ्या १७ पैकी ७ जणांनी ओळखली. रेषा असलेल्या १५ पैकी एकानेही नाही. स्क्रू १७ पैकी ७ जणांना दिसला. १५ पैकी एकाला. दोहोंपैकी निदान एक गोष्ट ओळखणारे साध्या गटात १२ होते, रेषांच्या गटात १.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत, त्यांत थोडे थांबले पाहिजे. साध्या गटात ७ आणि ७ मिळून १४ होतात, पण निदान एक ओळखणारे १२ आहेत. म्हणजे दोन्ही गोष्टी ओळखणारे केवळ २ सर्जन होते, पाच जणांनी फक्त गुंतागुंत ओळखली, पाच जणांनी फक्त स्क्रू, आणि पाच जणांना दोन्हींपैकी काहीच दिसले नाही. रेषांशिवाय काम करणारा सर्जन सगळे पाहतो असे म्हणण्याची सोय हे आकडे ठेवत नाहीत. हातात काम असलेला तज्ज्ञही समोरच्या दृश्यातले बरेच काही पाहत नाही, ही मूळ स्थिती आहे; रेषांनी ती निर्माण केली नाही, तिला टोकाला नेले. या प्रकरणाच्या पुष्कळ त्रोटक वर्णनांत हा भाग सुटतो आणि सगळा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारला जातो, ते योग्य नाही.

नजर कशी शोधते

माणसाच्या दृष्टिपटलावर तीक्ष्ण दिसण्याची जागा फार छोटी, जेमतेम दोन अंशांची असते. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, आणि पुढची उडी कोठे मारायची हा निर्णय कडेच्या अस्पष्ट दृष्टीतून मिळणाऱ्या संकेतांवर ठरतो. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० मध्ये दाखवले, की भोवतालच्या वस्तूंपेक्षा रंगासारख्या एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू शोधायला वेळ जवळजवळ लागत नाही. भोवती कितीही वस्तू असल्या तरी ती आपोआप उठून दिसते. उलट दोन-तीन गुणांच्या जोडणीनेच ओळखू येणारी वस्तू असेल, तर एकेका जागी लक्ष नेऊन तपासावे लागते आणि वस्तूंची संख्या वाढेल तसा वेळ वाढतो. जेरेमी वुल्फ यांनी पुढे यावर मार्गदर्शित शोधाची उपपत्ती उभारली. तिच्यानुसार लक्षाला दिशा दोन वाटांनी मिळते : दृश्यात जे आपसूक उठून दिसते त्याच्यामुळे, आणि शोधणाऱ्याच्या मनात जे हवे असते त्याच्यामुळे.

एंडोस्कोपच्या चित्रावरील रंगीत रेषा या दोन्ही वाटा एकदम अडवून बसते. शरीराच्या आत कोठेही नसलेला ठळक रंग आणि शरीरात कोठेही नसलेली एकसारख्या जाडीची कडा, म्हणून ती पहिल्या वाटेने लक्ष ओढते. आणि लक्ष्यापर्यंत नेणारी तीच, म्हणून दुसऱ्या वाटेनेही तिलाच प्राधान्य मिळते. स्क्रू काय किंवा इजा झालेली ऊती काय, त्यांना पहिल्या वाटेवर रेषेशी स्पर्धा करायची असते आणि दुसऱ्या वाटेवर त्यांचे नावच नसते, कारण त्या शोधायला कोणी सांगितलेलेच नसते.

मनात एक विशिष्ट गुण धरून पाहणाऱ्याला बाकीचे दिसत नाही, हे रोजच्या अनुभवातले आहे. दादर स्टेशनवर हिरव्या साडीतल्या मावशींना शोधणाऱ्याच्या खांद्याला घासून त्याचा सख्खा शेजारी निघून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. प्रयोगांनीही याला दुजोरा मिळालेला आहे. स्टीव्हन मोस्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की पडद्यावर फिरणाऱ्या आकृत्यांपैकी ज्यांवर लक्ष ठेवायला सांगितले आहे त्यांच्याशी अनपेक्षित वस्तूचे साम्य जितके जास्त, तितकी ती लक्षात येण्याची शक्यता जास्त. रंगीत रेषांवर मन लावून बसलेल्या सर्जनच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो, की खरी ऊती, तिचा रंग, तिच्यातला बदल, हे सगळे दुर्लक्षित गटात जमा होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल : रेषा आणि ऊती पडद्यावर एकाच जागी आहेत, मग रेषेकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ऊतीही येणारच. डोळ्यांत येते, हे खरे. पण तेवढ्याने ती दिसते असे होत नाही. उल्रिक नाइसर आणि रॉबर्ट बेक्लन यांनी १९७५ मध्ये दोन वेगळी चलत्चित्रे एकावर एक पारदर्शक चढवून एकाच जागी दाखवली होती. एकात हातावर टाळी मारण्याचा खेळ, दुसऱ्यात चेंडूचा. प्रेक्षकांना एका खेळाचा माग ठेवणे सहज जमले, आणि त्याच जागी चाललेल्या दुसऱ्या खेळातील विचित्र घटना त्यांच्या क्वचितच लक्षात आल्या. लक्ष जागेला चिकटते तसे वस्तूलाही चिकटते. मिश्र वास्तवाचा सारा डोलारा आभासी वस्तू खऱ्या वस्तूच्या जागी बसवण्यावर उभा आहे, त्यामुळे माझ्या मते हा जुना प्रयोग या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यातच वाचायला हवा.

तज्ज्ञता यातून सुटका करत नाही. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि वुल्फ यांनी २०१३ मध्येच २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घातले. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे ते चित्र २० जणांना दिसले नाही, आणि नजरेच्या नोंदीवरून कळले की त्यांपैकी १२ जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडलेली होती. टोरंटोच्या प्रयोगात मोजलेल्या तीन बाबींमध्ये नजरेचा माग नाही. त्यामुळे तेथील सर्जननी स्क्रूकडे पाहिलेच नाही की पाहूनही तो त्यांना कळला नाही, असा भेद त्या आकड्यांवरून करता येत नाही. उपाय ठरवताना हा भेद महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

आणखी एक यंत्रणा येथे काम करत असावी. रेडिओलॉजीत फार पूर्वीपासून माहीत आहे, की एक दोष सापडला की वाचणाऱ्याचा शोध ढिला पडतो आणि दुसरा दोष सुटतो. आभासी रेषा या बाबतीत एक पाऊल पुढे जाते. साध्या चित्रावर काम करणाऱ्या सर्जनला लक्ष्य गाठण्यासाठी ऊती वाचाव्या लागतात : ही कोणती भिंत, ही घडी कशाची, हा फुगवटा धमनीचा की हाडाचा. हे वाचन चालू असताना वाटेत जे विपरीत असेल ते सापडण्याची शक्यता असते. रेषा आल्या की वाचायची गरजच उरत नाही, कारण उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. साध्या गटातील बारा जणांना जे सापडले ते त्यांनी मुद्दाम शोधलेले नव्हते. रस्ता शोधण्याच्या खटपटीत ते हाती लागले, आणि रेषांनी नेमकी तीच खटपट वाचवली.

दुसरा प्रयोग आणि त्याचा अर्थ

त्याच गटाने २०१४ मध्ये पुढचा प्रश्न घेतला, आणि मला तो पहिल्यापेक्षाही जास्त उपयोगाचा वाटतो. या वेळी ५० जण होते : ४२ अनुभवी कान-नाक-घसा सर्जन आणि ८ वरिष्ठ प्रशिक्षणार्थी. रेषा दोन्ही गटांना मिळाल्या, फरक फक्त जागेचा होता. २५ जणांना त्या मुख्य चित्रावरच चढवलेल्या दिसत होत्या. उरलेल्या २५ जणांचे मुख्य चित्र मोकळे होते आणि रेषांसहितचे चित्र बाजूच्या दुय्यम मॉनिटरवर होते.

परकी वस्तू मुख्य चित्रावर रेषा असलेल्या गटात २५ पैकी ८ जणांनी ओळखली, दुय्यम मॉनिटर असलेल्या गटात २५ पैकी १५ जणांनी. वेळ आणि अचूकता यांत दोन गटांमध्ये उल्लेखनीय फरक पडला नाही. म्हणजे ज्या वळशाचा जाच वाटून रेषा मुख्य चित्रावर आणल्या होत्या, तो वळसा परत आणल्याने या कामात ना वेळ गेला ना मिलिमीटर, आणि परकी वस्तू ओळखणाऱ्यांची संख्या मात्र जवळजवळ दुप्पट झाली. माझे अनुमान असे, की दुय्यम मॉनिटरवरून परतणारी नजर मुख्य चित्रावर दर वेळी नव्याने उतरते आणि तेथे तिला अडकवून ठेवणारी रेषा नसते. जुन्या पद्धतीतला तो त्रासदायक फेरा दृश्य पुन्हा तपासण्याची संधी देत होता. अर्थात दुय्यम मॉनिटरच्या गटातही १० जणांना परकी वस्तू दिसली नाही, हे येथेही नोंदवलेच पाहिजे.

विमानचालनात हा धडा आधीच गिरवला गेला होता. वैमानिकाच्या समोरच्या काचेवर वेग, उंची आणि धावपट्टीची आकृती दाखवणाऱ्या दर्शकावर नासाच्या एम्स संशोधन केंद्रात एडिथ फिशर, रिचर्ड हेन्स आणि टोनी प्राइस यांनी काम केले आणि १९८० मध्ये अहवाल दिला. सिम्युलेटरमधील काही अनुभवी वैमानिकांना उतरताना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नाही. त्यानंतर क्रिस्टोफर विकेन्स आणि जेफ लाँग यांनी १९९५ मध्ये आभासी आकृती बाहेरच्या दृश्याशी जुळवून काढली तर काय होते ते तपासले. जुळवून काढलेल्या आकृतीमुळे विमान मार्गावर ठेवणे सुधारते. पण धावपट्टीवर अनपेक्षितपणे आलेले विमान ओळखायला काचेवरील दर्शक वापरणाऱ्यांना उशीरच झाला. टोरंटोच्या रेषाही शरीररचनेशी जुळवलेल्या होत्या. आभासी वस्तू खऱ्या वस्तूवर अचूक बसली की लक्षाची विभागणी आपोआप सुटते, ही आशा दोन्ही क्षेत्रांत फोल ठरली.

प्रयोगाच्या मर्यादा, आणि शस्त्रक्रियागृह

मृतदेहात रक्तस्राव नसतो, आणि खऱ्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीची पहिली वर्दी पुष्कळदा रक्तानेच मिळते. प्रयोगातील सर्जनला बिंदू गाठायचा होता, रुग्ण वाचवायचा नव्हता. खऱ्या टेबलाशी उभा असलेला माणूस अधिक सावध असेल, आणि त्याच्याबरोबर सहायक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका असतात. हे सगळे मान्य करूनही दोन्ही गटांतील तफावत पुसली जात नाही, कारण या मर्यादा दोन्ही गटांना सारख्याच लागू होत्या.

एका बाबतीत तर प्रयोगशाळा वास्तवापेक्षा सोपी होती. वुल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर यांनी २००५ मध्ये दाखवले, की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती चुकण्याचे प्रमाण ७ टक्के असते, पण तीच वस्तू शंभरातल्या एका चित्रात असेल तर ते ३० टक्क्यांवर जाते. टोरंटोत एकाच फेरीत दोन विपरीत गोष्टी लक्ष्यबिंदूजवळ ठेवलेल्या होत्या. शस्त्रक्रियागृहात त्या शेकडो शस्त्रक्रियांत एखादे वेळी येतात.

डोक्यावरच्या उपकरणात तेच, आणि आणखी काही

मॉनिटरवरची ही गोष्ट आता डोक्यावर घालायच्या उपकरणांकडे सरकली आहे, आणि तेथे शोधाला दुसरी एक अडचण येऊन मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या होलोलेन्स २ या अशा उपकरणात आभासी वस्तू दिसण्याची खिडकी सुमारे ४३ अंश रुंद आणि २९ अंश उंच आहे. दोन मीटर अंतरावर ती अंदाजे १.६ मीटर बाय १ मीटर भरते. माणसाच्या दोन डोळ्यांचे आडवे दृष्टिक्षेत्र सुमारे २०० अंश असते. त्यामुळे खरे जग कडेपर्यंत दिसत राहते, आणि आभासी वस्तू मात्र खिडकीच्या कडेशी येताच कापली जाते. डाव्या खांद्यामागे ठेवलेली आभासी वस्तू कडेच्या दृष्टीत अस्पष्टही दिसत नाही. पुढची उडी कोठे मारायची याचा जो संकेत डोळ्यांना एरवी मिळतो तो येथे नसतोच. मग माणूस डोळ्यांऐवजी मान फिरवून खोली विंचरू लागतो. पहिल्यांदा हे उपकरण घातलेल्या कोणाकडेही पाहावे : मान हळू आणि मोठ्या टप्प्यांनी फिरते, डोळे खिडकीच्या मध्यावर खिळलेले राहतात, आणि वर व खाली पाहण्याचे बहुधा राहूनच जाते.

यावर उपाय म्हणून बाण, लक्ष्यापर्यंत नेणारे बोगद्यासारखे मार्ग, खिडकीच्या कडेला चमकणाऱ्या खुणा अशी नाना साधने निघाली आहेत. फ्रँक बिओक्का आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील लक्षाच्या बोगद्याने शोधाचा वेळ कमी होतो हे दाखवले, आणि त्या धर्तीवर पुढे बरेच काम झाले. ही सगळी साधने शोधाचा वेळ आणि चुकांची संख्या यांवर तोलली जातात, आणि त्या तराजूत ती चांगलीच ठरतात. टोरंटोच्या रेषाही मिलिमीटरच्या तराजूत चांगल्याच ठरल्या होत्या. बाणाने नजर जितकी लवकर लक्ष्यावर नेली तितका वाटेतला भाग कमी पाहिला गेला, हा हिशेब त्या मोजमापात येत नाही.

शस्त्रक्रियेपुरते बोलायचे तर होलोलेन्सची आणखी दोन वैशिष्ट्ये शोधावर थेट परिणाम करतात. हे उपकरण खऱ्या दृश्यावर फक्त प्रकाश टाकू शकते, काळोख टाकू शकत नाही. म्हणून शस्त्रक्रियागृहातील प्रखर दिव्याखाली फिकट रेषा पुसट होते, आणि ती दिसावी म्हणून तिची उजळता वाढवली की खालची ऊती झाकली जाते. शिवाय त्याच्या चित्राचे केंद्र साधारण दोन मीटरवर ठरलेले आहे, तर सर्जनचे हात डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतात. डोळ्यांना एकाच वेळी रेषेवर आणि ऊतीवर नीट केंद्रित होता येत नाही; एक स्पष्ट झाले की दुसरे धूसर होते. एंडोस्कोपच्या मॉनिटरवर निदान दोन्ही गोष्टी एकाच काचेवर होत्या.

काय बदलता येईल

या प्रकरणातून रेषा टाकूच नयेत असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. लक्ष्यापासूनचे अंतर निम्म्यावर येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि शरीररचना ट्यूमरने किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने विस्कटलेली असेल तेव्हा रेषेचा आधार मोलाचा असतो. प्रश्न रेषा केव्हा आणि कोठे दिसावी याचा आहे. २०१४ च्या प्रयोगाने एक उत्तर दिलेच आहे : तीच माहिती बाजूला ठेवा. मुख्य चित्रावरच हवी असेल तर पायाच्या पेडलने बोलावल्यावर उमटणारी आणि काही क्षणांत विरणारी रेषा, किंवा अवजाराचे टोक धमनीच्या ठरावीक अंतरात आल्यावरच दिसणारी रेषा, हे पर्याय करून पाहण्यासारखे आहेत. दुसरा पर्याय माणसांचा आहे : सर्जनच्या पडद्यावर रेषा असल्या तरी सहायकाच्या पडद्यावर त्या नसाव्यात, आणि दिसेल ते बोलून दाखवण्याचे काम त्याच्याकडे स्पष्टपणे सोपवलेले असावे. रेषा नुसती फिकट करण्याच्या उपायावर मात्र मला फारसा भरवसा नाही; रंग उतरवल्याने ती पहिल्या वाटेने लक्ष ओढायची थांबेल, पण कामाला तीच लागत असल्याने दुसऱ्या वाटेने ओढतच राहील.

चाचणीची पद्धत बदलणे त्याहून सोपे आहे. नव्या उपकरणाची मिलिमीटर आणि मिनिटांत परीक्षा घेताना त्याच फेरीत एक-दोन न सांगितलेल्या गोष्टी दृश्यात ठेवायच्या आणि शेवटी सर्जनला काय दिसले ते विचारायचे. टोरंटोच्या गटाने याहून वेगळे काही केलेले नाही. होलोलेन्स २ नजरेचा मागही ठेवू शकते, सेकंदाला ३० नोंदींच्या वेगाने आणि साधारण दीड अंशाच्या अचूकतेने, त्यामुळे नजर त्या गोष्टीपर्यंत पोचलीच नाही की पोचून पुढे निघून गेली हे वेगळे करता येईल. न पोचणाऱ्या नजरेवर रेषेची जागा किंवा वेळ बदलून इलाज करता येतो. पोचूनही न कळणाऱ्या नजरेला तो पुरत नाही, तेथे रेषा काही काळ पूर्ण बंद करून ऊती पुन्हा वाचायला लावावी लागेल. पण फक्त नजरेच्या नोंदीवर भिस्त ठेवली तर गोरिलावर नजर पडलेले ते १२ रेडिओलॉजिस्ट पाहणाऱ्यांत मोजले जातील, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तोंडी विचारणा आणि नजरेची नोंद ही दोन्ही एकमेकांसमोर ठेवून तपासावी लागतील.